आसन आणि ओळख

मनुष्याची ओळख त्याच्या नावावरून ठेवावी, आसनावरून ठेवू नये, हे शिक्षकास तरी सांगावयास नको. पहिल्या बाकावरील विद्यार्थ्यास 'पहिला' म्हणत गेल्यास, बाक बदलताच एकाचे गुण दुसऱ्याच्या पदरी पडावयाचे! परंतु ज्या संगणकास आपण इतका हुशार समजतो, तो पुष्कळदा असाच व्यवहार करतो.

संगणक एकदम जागा होत नाही. 'बूट लोडर' नामक लहानशी आज्ञावली मुख्य प्रणालीस उठविते. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत डिस्कच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या खणात या द्वारपालास जेमतेम ४४६ बाइटांची जागा मिळे. पुढील वाट त्यास बहुधा 'पहिली डिस्क, दुसरा भाग' अशी मोजूनच सांगितलेली असे. लिनक्समधील 'एसडीए', 'एसडीबी' ही तरी खरी नावे कोठे आहेत? डिस्का ज्या क्रमाने सापडल्या, तो क्रमच तो. प्रणालीची नवी आवृत्ती आली, डिस्का शोधण्याची रीत बदलली, की क्रमही पालटू शकतो. २००७ साली फेडोराच्या सातव्या आवृत्तीत पूर्वीच्या 'एचडीए' डिस्का 'एसडीए' म्हणवून घेऊ लागल्या, हे याचेच एक उदाहरण होय.

आमच्या घरच्या यंत्रात दोन डिस्का आहेत. एकीवर प्रणाली, दुसरीवर तीर्थरूपांच्या पत्रांच्या प्रतिमा; मूळ पत्रे वाळवीने केव्हाच खाल्ली. नवी आवृत्ती चढविल्यावर यंत्र मध्येच थबकले. दुरुस्तीस आलेले गृहस्थ म्हणाले, "पहिली डिस्क कोरी करून प्रणाली पुन्हा बसवितो." सुदैवाने आमचा एक जुना विद्यार्थी जवळ होता. तो म्हणाला, "थांबा! सर, क्रम उलटला आहे. आता पहिली डिस्क म्हणजे पत्रांची डिस्क." क्षणभर आमच्या तोंडून शब्द फुटेना. पत्रे शाबूत होती, प्रणालीही शाबूत होती. केवळ एका आकड्याने वडिलांचे अक्षर कायमचे पुसले जाणार होते.

त्याने पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले आणि क्रमनावांच्या जागी प्रत्येक विभागाचा 'यूयूआयडी' लिहिला. हा ३२ अंकाक्षरांचा ओळखक्रमांक विभाग सिद्ध होतानाच त्यावर कोरला जातो. डिस्क कोणत्याही खोबणीत बसवा, तो तिच्याबरोबरच जातो. घटकाभरात यंत्र पूर्ववत चालू झाले.

तेव्हा वाचकांस आमची एवढीच विनंती, की नवी आवृत्ती चढविण्यापूर्वी मोलाच्या वस्तूंची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. आणि कोणी 'पहिली डिस्क' पुसावयास निघाल्यास, ती आज पहिली का म्हणावयाची, हे आधी विचारावे. शक्य तर दुसरी डिस्क तोवर काढूनच ठेवावी. आसने बदलत राहणारच. नाव मात्र ज्याचे त्याच्यापाशी असावे.