हार आणि पावती

गेल्या महिन्यांत एक सुविद्य तरुण आमच्या घरीं आला. मुलांना नोकऱ्या लावून देणारी कचेरी तो येवल्यांत काढणार आहे. कचेरीच्या वतीनें शाळेंतील गरीब मुलांना वह्या द्याव्या, उन्हाळ्यांत पाणपोई घालावी, संक्रांतीस बक्षिसें ठेवावीं, असा त्याचा मानस. “गांवानें आम्हांला आपलं म्हणावं, एवढीच इच्छा आहे, गुरुजी,” असें तो म्हणाला, आणि उद्घाटनाच्या समारंभाचें अध्यक्षपद आम्हीं स्वीकारावें, अशी त्यानें विनंति केली. बोलणें नम्र होतें, हेतुहि चांगला दिसत होता. तरी आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : “पैसे कोणाकडून घेणार, आणि पावती देणार काय?”

तरुणाचा चेहरा उतरला. सत्कर्माच्या आमंत्रणास हें उत्तर कसलें, असें त्यास वाटलें असावें. सूनबाईनें आणलेला चहा त्यानें अर्धाच घेतला आणि “कळवितों” म्हणून तो निघून गेला. ज्यास लोक समारंभाला बोलावितात असा एखादा वडीलधारा मनुष्य वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. त्याच्यासाठीं, आणि कांहींसें आमच्या मनावरील ओझें उतरविण्यासाठीं, ही हकीकत लिहीत आहों.

गोष्ट २०१७ सालची. आदल्याच वर्षीं आम्ही शाळेंतून निवृत्त झालों होतों. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतें. पुढें जें काय पदरीं पडलें तें संस्कृताचें, आणि तेंच मुलांना घोकवून घेण्यांत आयुष्य गेलें. सकाळीं घंटा ऐकूं आली कीं पाय शाळेकडे वळावे, आणि तेथें आपलें काम उरलेलें नाहीं हें दोन पावलांवर आठवावें, अशी ती अवस्था होती. त्या सुमारास कांहीं मंडळी गांवांत आली. त्यांनीं पेठेंत गाळा घेतला, मोठी पाटी लाविली, आणि पुण्याकडील कारखान्यांत मुलांना कामें मिळवून देऊं, असें जाहीर केलें.

येवल्याची संक्रांत बाहेरच्यांना सांगावी लागते. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस सारें गांव गच्चीवर असतें. हातांत आसारी आणि दृष्टि आकाशाकडे. त्या वर्षीं कितीतरी पतंगांवर या कचेरीचें नांव छापलेलें होतें. पुढें रक्तदानाचें शिबिर झालें, नंतर वह्यांचें वाटप. त्या वाटपाच्या समारंभास आम्ही अध्यक्ष होतों. गळ्यांत हार पडला, खांद्यावर शाल आली. आम्हीं परोपकारावर अर्धा तास भाषण केलें, आणि शेवटीं, कोणीं सांगितलें नसतां, “ही आपलीच माणसें आहेत” असें एक वाक्य बोलून गेलों.

श्रोत्यांत आमचा एक जुना विद्यार्थी होता. वडील पैठणी विणणारे. रेशीम आणि जर मालकाची, मजुरी यांची. घरांतील खड्डामागावर बाप बसे, आई कांड्या भरी. मागावर वाकून वाकून वडिलांची पाठ कशी गेली हें पाहिलेल्या मुलास दुसरें काम हवें होतें, यांत नवल तें कोणतें? “नोंदणी आणि प्रशिक्षण” या नांवाखालीं कचेरीनें त्याच्याकडून पंधरा हजार रुपये घेतले. त्यासाठीं आईनें कानांतलीं फुलें गहाण टाकलीं. यंत्रावरचें काम सांगितलें होतें. प्रत्यक्षांत एका ठेकेदाराच्या हाताखालीं माल चढविण्या-उतरविण्याचें निघालें. पगार बोललेल्याहून कमी, आणि त्यांतलाहि पहिल्या महिन्याचा अडकवून ठेवलेला. अडीच महिन्यांनीं मुलगा तापानें फणफणून घरीं आला. गणपतीच्या दिवसांत पाहतों तों पेठेंतली पाटी उतरलेली होती. पोलिसांत जावें, तर हातांत कागद नाहीं.

एके दिवशीं संध्याकाळीं त्याचे वडील आमच्याकडे आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही त्या दिवशीं म्हणालात, आपलीच माणसं आहेत. म्हणून मी पावती मागितली नाहीं. आपल्या माणसाकडं पावती कशी मागायची?” आम्ही आंत जाऊन कपाटांतून पैसे घेऊन आलों. त्यांनीं हात लावला नाहीं. “पैशासाठीं आलों नाहीं. पुढच्या वेळेला कोणाबद्दल असं बोलाल, तेव्हां आधीं विचारून घ्या, एवढंच सांगायला आलों.”

आमच्या मंडळींनीं माजघरांतून हें सर्व ऐकलें होतें. पाहुणे गेल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, “तुम्हीं हार घेतलात, त्यांनीं पावती घेतली नाहीं. दोन्ही एकाच भरंवशावर.” पुढें त्या माउलीचीं फुलें सोडविण्याचें काम आमच्या मंडळींनीं तिच्याशीं परस्पर केलें. तें कसें, हें आम्हांस आजवर सांगितलेलें नाहीं.

हितोपदेशांतील म्हाताऱ्या वाघाची गोष्ट आम्हीं वर्षानुवर्षें शिकविली. स्नान करून, हातांत दर्भ धरून तळ्याकांठीं बसलेला वाघ वाटसरूला सोन्याचें कंकण देऊं करतो, आणि वाटसरू चिखलांत रुततो. परीक्षेंत आम्ही विचारीत असूं, वाटसरूचें काय चुकलें? पण वाघाशेजारीं बसून “हा मोठा धर्मनिष्ठ आहे” असें सांगणारा कोणी भटजी त्या गोष्टींत नाहीं. येवल्याच्या गोष्टींत तो होता.

त्यानंतर कित्येक दिवस एकच प्रश्न मनांत घोळत राहिला. कामें मिळवून देणाऱ्यांनीं गांवच्या सुखदुःखांत भाग घेणें हें सारें ढोंगच समजावें काय? तसें म्हणवत नाहीं. परंतु या मध्यस्थांचा मागील इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मध्यस्थ समाजांत जितका अधिक मिसळलेला, तितका तो अधिक विश्वासू, हा आपला समज खरा नाहीं.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. तेथील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं सुरू झाली. पुढें गिरण्या वाढल्या तसे कोंकणांतून आणि घाटावरून हजारों लोक तेथें गेले. त्यांना कामावर घेई तो जॉबर, म्हणजे मुकादम. तो बहुधा त्यांच्याच मुलखाचा. खोली तोच पाहून देई, खाणावळीस आणि वाण्यास जामीन तोच राही, अडीनडीला कर्जहि तोच देई; वस्तींतील उत्सवांत आणि आखाड्यांत त्याचा हात मोठा असे. त्याच्याइतका लोकांत मिसळलेला मनुष्य शोधून सांपडला नसता. आणि याच्या बदल्यांत तो कामगारापासून दस्तुरी घेई. जो कामावर घेतो, काढतो, आणि त्याच माणसाला कर्जहि देतो, त्याच्यापुढें मान वर करण्याची सोय कोणास असणार? १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटली कमिशननें १९३१ च्या अहवालांत स्पष्ट शिफारस केली कीं, माणसें घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबराच्या हातीं ठेवूं नये.

“आपलीं माणसें” या शब्दांची दुसरी बाजूहि त्याच गिरण्यांत दिसते. विणकामाच्या खात्यांत मजुरी अधिक, पण तेथें अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नसे. धोट्यांतला धागा तोंडानें ओढावा लागे, म्हणून इतरांस विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा अन्याय पुढें मांडला. त्यांनींच १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं आमच्या येवल्यांत धर्मांतराची घोषणा केली. विणकरांच्या या गांवांत आयुष्य काढूनहि या दोन गोष्टींची सांगड आम्हांस फार उशिरां लागली. कोणी एक “आपला” ठरला कीं त्याच क्षणीं दुसरा कोणी परका ठरतो. आमच्यासारख्या घरांतून तरी निराळें काय चालत आलें? आम्हांस पहिली नोकरी मामांच्या चिठ्ठीनें मिळाली. ती चिठ्ठी लिहिणारा मामा ज्यास नव्हता, त्याचें पुढें काय झालें, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

लांब मुंबईस जावयास नको. येथून कोपरगांवच्या वाटेला लागलें कीं हंगामांत ऊसतोडीच्या टोळ्या दिसतात. टोळी जमविणारा मुकादम त्यांच्याच गांवचा, कित्येकदां नात्यांतला. हंगामापूर्वीं तो उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नसते. लग्नांत, आजारांत, मयतांत मुकादम हजर असतो, आणि त्याचा खर्च पुन्हां त्याच उचलीवर चढतो.

मग सरकारी व्यवस्था बरी म्हणावी काय? सेवायोजन कार्यालयें १९४५ सालीं युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीं निघालीं आणि १९४८ पासून सर्वांना खुलीं झालीं. आमच्या पिढीनें तेथें नांवें नोंदविलीं, कार्डें जपून ठेविलीं. नांव नोंदविण्यास पैसा पडत नसे, दस्तुरी नसे. पण तेथें तुमचें नांव हा एक आंकडा असे. बोलावणें येईलच असा भरंवसा नसे. मुकादमाकडे ओळख होती, हिशेब नव्हता. कचेरींत हिशेब होता, ओळख नव्हती.

दोन्ही एकत्र आणण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रांत झाला, त्याची आठवण द्यावीशी वाटते. अण्णासाहेब पाटील यांनीं हमालांची संघटना बांधली, आणि १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यानें जीं मंडळें निर्माण झालीं, त्यांत मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधि बसतात. मालकाचें नांव नोंदलेलें, कामगाराचेंहि नोंदलेलें. मजुरी मालकानें मंडळांत भरावयाची आणि तिच्यावर लेव्हीहि द्यावयाची. त्या लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, औषधोपचार यांची सोय होते. जो पूर्वीं गोदामाच्या दारांत बोलावण्याची वाट पाहत उभा राही, त्याच्या घामाची नोंद वहींत झाली. या मंडळांविषयीं तक्रारी नाहींत असें नाहीं. लेव्हीवरून व्यापाऱ्यांचे वाद होतात. पण वाद करतांना वही समोर असते, हा फरक लहान नव्हे.

यावरून आमचें मत असें बनलें आहे. नोकरी लावून देणाऱ्यानें गांवांत अवश्य मिसळावें. गरजू मुलाचें घर त्यानें पाहिलेलें असलें, तर त्यास कोठें पाठवावें हें त्याला अधिक कळेल. परंतु वह्या आणि पाणपोई हे गांवाचें ऋण फेडण्याचे मार्ग नव्हेत. त्याचें खरें ग्रामकार्य त्याच्या धंद्यांतच आहे : गरजवंताकडून पैसा न घेणें, काम जसें सांगितलें तसेंच निघणें, आणि न निघाल्यास उत्तर द्यावयास जागेवर असणें. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९९७ सालीं खाजगी नोकरी-संस्थांविषयीं जो करार केला, त्यांत कामगाराकडून शुल्क घेऊं नये, हेंच तत्त्व घातलें आहे. तो करार म्हणजे आपल्याकडील कायदा नव्हे. तरी कसोटी म्हणून तो घरोघर वापरावा. परदेशीं माणसें पाठविणाऱ्यांस तर १९८३ च्या कायद्यान्वयें सरकारी नोंदणी लागते. ती पाहिल्यावांचून कोणाचा मुलगा विमानांत बसूं नये.

आणि गांवाचें कर्तव्य? तें आमच्यासारख्यांकडे येतें. आपला शब्द म्हणजे आपल्या मालकीचें द्रव्य आहे, तें कोणास द्यावें ही आपली मर्जी, असें आम्ही समजत होतों. तें खरें नव्हे. तीं वर्षानुवर्षें आमच्या हाताखालून गेलेल्या मुलांची आणि त्यांच्या आईबापांची ठेव आहे. ती आम्हीं एका हारावर उधळली. पावती मागणें हा अविश्वास आहे, अशी एक खोटी भीड आपल्या घरांतून आहे. ती भीड मोडण्याचें काम वडीलधाऱ्यांनींच केलें पाहिजे, कारण गरिबाला ती मोडतां येत नाहीं.

तो तरुण आठवड्यानें पुन्हां आला. आम्हीं आशा सोडली होती. त्यानें एक कागद आणला होता : शुल्क कारखान्याकडून, उमेदवाराकडून कांहीं नाहीं, कामाचें स्वरूप आणि पगार आधीं लेखी. आम्हीं वाचून तो मंडळींपुढें ठेवला. त्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचला आणि विचारलें, “मुलगा तिकडं अडकला, तर रात्रीं कोणाला फोन करायचा, हें यांत कुठं आहे?” तरुण क्षणभर थांबला. मग खिशांतून लेखणी काढून त्यानें खालीं स्वतःचें नांव, घरचा पत्ता आणि क्रमांक लिहिला.

समारंभास आम्ही गेलों नाहीं. त्यास सांगितलें, “वर्षभर काम करा. मग ज्यांना नोकऱ्या लाविल्या त्यांतलीं पांच मुलें घेऊन या. त्या दिवशीं हार आम्ही घालूं, तुमच्या गळ्यांत.” त्याला राग आला नाहीं, असें वाटतें.

आमचा तो विद्यार्थी सध्यां घरच्याच मागावर बसतो. त्याचे वडील रस्त्यांत भेटतात, थांबून नमस्कार करतात. तो नमस्कार घेतांना आमचे हात अजून जड होतात.