अग्निबाणाचा तोल

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या नावाचा अंतराळयाने उभारण्याचा जो संगणकीय खेळ २०११ साली मेक्सिकोतून प्रसिद्ध झाला, त्यात फावला वेळ घालवताना मला चंद्रावर उतरण्यापेक्षा पहिल्या दहा किलोमीटरांचेच अप्रूप अधिक वाटत आले आहे. कारण यान सरळ चढणार की कोलांटी खाणार, याचा निवाडा हवा दाट असते तिथेच लागतो.

नवख्याची समजूत अशी, की इंजिन माथ्याशी बसवून टाक्या खाली लोंबत्या ठेवल्या म्हणजे लंबकाच्या न्यायाने यान आपोआप उभे राहील. रॉबर्ट गॉडर्डने १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे द्रव इंधनावरचा जो पहिला अग्निबाण उडवला, त्याचीही मांडणी अशीच होती. पुढे त्यानेच ती बरतरफ करून इंजिन बुडाशी नेले. यान कलले की त्याला जखडलेल्या इंजिनाचा रेटाही तितकाच कलतो, आणि गुरुत्वाकर्षण वस्तुमानकेंद्रातूनच ओढत असल्यामुळे यानाला सरळ करण्याचा अखत्यार त्याच्याकडे नसतो. तो अखत्यार हवेचा. वस्तुमानकेंद्र नाकाकडे आणि हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू शेपटीकडे असेल, तर बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे यान आपले नाक सावरते. उलट असेल, तर तीच हवा त्याला गरकन फिरवते.

यान जिथे जुळवायचे त्या कारखान्यात पिवळा-काळा गोळा वस्तुमानकेंद्र दाखवतो आणि निळा उत्थापनकेंद्र. परंतु निळ्यावर सर्वस्वी भिस्त ठेवू नये, कारण तो पंखांचा हिशेब मांडतो, माथ्यावरच्या फुगीर आवरणाला होणाऱ्या विरोधाचा नव्हे. शिवाय हे सारे चित्र भरल्या टाक्यांचे. सबब मी प्रत्येक टाकीवर उजवी टिचकी देऊन इंधनाची पट्टी शून्याकडे सरकवीत जातो, तेव्हा वरचा भार हलका असलेल्या यानात पिवळा गोळा हळूहळू इंजिनाकडे घसरू लागतो, आणि जमिनीवर निर्धास्त वाटणारे यान अर्ध्या वाटेत का उलटेल ते प्रत्यक्ष दिसते. मग खालची टाकी आधी रिकामी होईल अशी तजवीज करावी, आणि तेवढ्याने न भागल्यास बुडाशी चार पंख लावावेत.

पंखांना हिणवणारे पुष्कळ. नळकांडे वळवून रेट्याची दिशा बदलणारे इंजिन असताना ते कशाला, असे ते विचारतात. सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यातील पाचांपैकी बाहेरची चार इंजिने अशीच वळत, तरी त्याच्या बुडाशी चार पंख होतेच. माथ्याजवळ शोभेसाठी डकवलेले पंख मात्र कुणाच्याही यानावर दिसले, की मी ते आधी उतरवायला लावतो.