शिकाऊ हात

माउली, बावन्नाव्या वर्षी मी पखवाज शिकायला बसलो. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावी हरिपाठाला दादा पखवाज वाजवायचा. तो गेल्यावर दोन वर्षं नुसत्या टाळांवर हरिपाठ झाला. त्याचा मुलगा मात्र गिटार घेऊन बसलेला. बापाचा पखवाज सोडून हे काय, म्हणून मी मनात धुसफुसायचो.

धानाची रोवणी आटोपल्यावर रोज संध्याकाळी बसू लागलो. डाव्या पुडीला ओली कणीक लावायची. ती वाळली की घुमारा जातो, म्हणून रोज ताजी मळायची. कालच्या कणकेवर आजचं भजन होत नाही. तळहात सुजले. पुतण्यानं आपली बोटं दाखवली. तारांचे वळ उठले होते. "काका, मलाही दुखते." त्या दिवशी माझी धुसफूस संपली. आम्ही दोघं एकाच वर्गातले.

कार्तिकी एकादशीला पहिल्यांदा साथीला बसलो. घाई केली, हात चुकला. टाळकऱ्यांनी लय सोडली नाही, म्हणून मला परत तिच्यात येता आलं. शेजारी पुतण्या टाळ वाजवत होता.

माउली, येत नाही म्हणून मागे बसला असाल, तर पुढे या. लय धरून ठेवणारे पुष्कळ आहेत.

रामकृष्णहरी.