श्रीरामपूरच्या काठावर

दुपार कलली की हुगळीचं पाणी पितळी होतं. पलीकडच्या काठावर बराकपूरची झाडी, अलीकडे श्रीरामपूरचा निशान घाट. हे श्रीरामपूर बंगालमधलं. १७५५ पासून १८४५ पर्यंत इथे डेन्मार्कचा अंमल होता. कोलकात्यातल्या इंग्रजांच्या इमारती अंगावर येतात. इथल्या वास्तू मात्र माणसाला जवळ घेतात.

घाटालगतची डेन्मार्क टॅव्हर्न, म्हणजे १७८६ ची खानावळ, पार ढासळली होती. ती पुन्हा उभी केली आणि २०१८ मध्ये लोकांसाठी उघडली. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर सेंट ओलाव्ह चर्च आहे, १८०६ मध्ये पुरं झालेलं. त्याच्या दर्शनी भागावर सातव्या क्रिस्तियन राजाची मुद्राक्षरं आहेत. ती पाहताना नजर रेंगाळते. हजारो कोसांवरच्या राजाची आद्याक्षरं बंगालच्या पावसात किती वर्षं भिजत आली आहेत!

पण माझे पाय ओढतात ते नदीकाठच्या कॉलेजकडे. १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी ते काढलं. उंच खांबांच्या त्या इमारतीसमोर मराठी माणसानं जरा थांबावं, कारण याच गावातल्या मिशनच्या छापखान्यात १८०५ मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं आणि १८१० मध्ये त्याचा मराठी कोश. कोशासाठी मोडीचे खिळे पाडले होते. कारकुनाच्या बोरूतून सरसर धावणारी आपली मोडी इथे शिशात थांबली. कॅरीच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते. त्यांचं ऋण आपण फारसं आठवत नाही, याची मला खंत वाटते.

१८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखितं, खिळे, सारं गेलं. राख उपसताना अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेलं शिसं गोळा करून पुन्हा खिळे ओतले आणि काम सुरू झालं. १८१६ मध्ये तिथूनच नागपूरच्या राघोजी भोसल्यांची वंशावळ छापून निघाली. त्याच राघोजींच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगाल लुटला होता. बर्गी म्हणून त्या स्वारांची धास्ती बंगाली अंगाईत आजही आहे. ज्या मुलखाला आपण रडवलं, त्याच मुलखानं आपल्या भाषेला छापील अक्षरं दिली. हे मनात घेऊन त्या काठावर उभं राहिलं की कृतज्ञतेत थोडी शरमही मिसळते, आणि ती मिसळायलाच हवी.

कोलकात्याला जाल तेव्हा व्हिक्टोरिया मेमोरियल जरूर पाहा. पण एक दिवस हावड्याहून लोकल पकडून श्रीरामपूरला उतरा. कॉलेजमध्ये कॅरीच्या नावाचं ग्रंथालय आहे. तिथे जुन्या मराठी पुस्तकांची चौकशी आवर्जून करा.