नंबर वाढला नव्हता

भूगावात २०१७ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हा माझे एक रुग्ण रोज आखाड्याशी हजर होते. तरुणपणी तेही तालमीतले. पुढे जमीन विकली गेली, मेहनत सुटली. खुराक मात्र तसाच राहिला आणि त्यात दिवसाकाठी सहा-सात गोड चहा व शीतपेयांची भर पडली. मुळशीत असे पैलवान घरोघरी आहेत.

“डॉक्टर, डाव्या डोळ्यानं बारीक अक्षर दिसंना, नंबर वाढला असंल,” असे म्हणत ते गेल्या वर्षी आले. कंबर १०४ सेंटिमीटर, रक्तदाब १४६/९२, ट्रायग्लिसराइड २४०, उपाशीपोटी साखर ११८. मधुमेहाची रेषा १२६ वर, म्हणून तीन वर्षे मी “काठावर आहे, गोड कमी करा” एवढेच सांगत आलो होतो. नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पाहिले, तर दृष्टिपटलावर रक्ताचे सूक्ष्म ठिपके आणि मध्यभागाजवळ पिवळट साका!

चूक माझी होती. मी एकच आकडा पाहत होतो. वाढलेली कंबर (पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून), रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, साखर आणि घटलेले चांगले कोलेस्टेरॉल, या पाचांपैकी तीन जमले की त्यास मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो; तो अति झाला की यकृत त्याची चरबी बनवते आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी वाढलेल्या साखरेने झिजतात. त्या सैल भिंतींवर रक्तदाबाचा मारा झाला, की रक्तातील पाणी व चरबी बाहेर झिरपते. तो पिवळा साका म्हणजे हीच चरबी. दुखत काहीच नाही. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात, मधुमेह न झालेल्या पण साखर वाढलेल्या सुमारे ८ टक्के व्यक्तींच्या दृष्टिपटलावर अशा खुणा आढळल्या होत्या.

पैलवानांनी चहातली साखर सोडली, शीतपेये सोडली, रक्तदाबाची गोळी नेमाने घेतली आणि मानस तलावाकडे पहाटे चालणे सुरू केले. आठ महिन्यांनी ठिपके विरले. साका थोडा उरला आहे. भात मात्र अजून दोन वेळा खातात, त्यावर आमचा वाद चालू आहे.

आता अशा प्रत्येकाला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे ही दृष्टिपटलाची तपासणी नव्हे. तपासणीच्या दिवशी दुचाकी घरी ठेवावी. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते.