फिट असल्याचा दाखला

आमच्या ऑफिसात तीन दिवसांच्या वर आजारी पडलं की दोन कागद लागतात. एक, तुम्ही आजारी होता असं डॉक्टरांचं पत्र. दुसरा, आता तुम्ही ठणठणीत आहात असा फिटनेसचा दाखला. पहिल्या कागदाची मला कधीच अडचण आली नाही. दुसऱ्याशी माझी गेली बारा-तेरा वर्षं खडाखडी चालू आहे.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, मग मुरडा, आव आणि रक्त. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते एवढं कळलेलं आहे. हा आजार बरा होत नाही, शांत होतो. शांत असला की महिनोन्‌महिने, एखाद्या वेळी दोन-दोन वर्षं काही नाही. मी चारचौघांसारखा जेवतो, लग्नाला जातो, लोकलमध्ये लटकतो. मग एक दिवस काही कारण नसताना आजार उसळतो. तेव्हा दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागतं, आणि पळावं लागतं म्हणजे खरोखर पळावं लागतं. शरीर मिनिट-दोन मिनिटांच्या वर मुदत देत नाही.

सुरुवातीला सगळ्यांनी मूळव्याध म्हणून सोडून दिलं. आईने बेलाचा मुरंबा सुरू केला, सासूबाईंनी कुड्याची साल पाठवली, ऑफिसातल्या एकाने कल्याणच्या कुठल्याशा रामबाण पुडीचा पत्ता दिला. पाचसहा महिने असे गेले. हिमोग्लोबिन घसरत घसरत जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर आतडं दाखवलं आणि म्हणाले, "हे आता आयुष्यभर सांभाळायचं." मी विचारलं, "नोकरी करता येईल ना?" ते म्हणाले, "का नाही? करायलाच हवी." कशी, ते त्यांच्या विषयात येत नव्हतं.

मी फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे हिशेबाचं काम बघतो. सीमाशुल्काची चलनं, जहाज कंपन्यांची बिलं, तीसेक माणसांचे पगार, शिवाय कर. आमच्या महिन्याला सण नसतात, तारखा असतात. सातला टीडीएस, अकराला जीएसटीचं पहिलं विवरण, पंधराला भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय, वीसला जीएसटीचं दुसरं. या तारखा सरकार हलवेल तेव्हाच हलतात, माझ्या आतड्यासाठी नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतली: प्रत्येक काम दोन-तीन दिवस आधी संपवून ठेवायचं. उद्या उठता येईल की नाही याची खात्री नसलेला माणूस आजच काम उरकतो. ऑफिसात माझी ख्याती आहे की हा कधी मुदत चुकवत नाही. लोकांना ते शिस्तीचं लक्षण वाटतं. मला विचाराल तर ते भीतीचं आहे, आणि त्याचं कौतुक करून घ्यायला मला आवडत नाही.

काम जमतं. जमत नाही ते कामापर्यंत पोचणं.

मुंबईच्या लोकलमध्ये संडास नाही. रोज लाखो माणसं तास-दीड तास प्रवास करतात आणि कुणाला लागणारच नाही असं गृहीत धरलेलं आहे. मी डोंबिवलीचा. पूर्वी मी फास्टने जायचो. डोंबिवली सोडली की पारसिकचा बोगदा आणि थेट ठाणं. आमचा ग्रुप होता, जागा ठरलेली, मंगळवारी भजन, दसऱ्याला डब्याची पूजा. आजार कळल्यावर पहिल्यांदा सुटली ती ही फास्ट. एका सकाळी गाडी बोगद्याच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली, आणि पुढची दहा मिनिटं मी खिडकीच्या गजाला धरून घामाने निथळत जे काही मोजलं, ते लिहिण्यासारखं नाही. ठाण्याला उतरलो आणि त्या दिवसापासून स्लोने जायला लागलो. स्लोला वेळ जास्त लागतो, पण दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन येतं. घाईच्या माणसाने मुद्दाम संथ गाडी निवडायची, हे ग्रुपमधल्या कुणाला पटेना. "नवी जागा पकडलीस का कुठे?" म्हणून एक-दोघं रुसलेही. त्यांना काय सांगणार?

मग कोणत्या स्टेशनावर संडास कुठल्या टोकाला, कुठला चालू, कुठला 'दुरुस्तीसाठी बंद', कुठे आत बादली असते, कुठे बाहेर बसलेला माणूस सुट्ट्यावरून हुज्जत घालतो, हे सगळं पाठ झालं. सुट्टी नाणी मी आजही वेगळ्या खिशात ठेवतो. पुरुष असून ही तऱ्हा. बायकांचं काय होत असेल याचा विचार मी हा आजार होईपर्यंत केला नव्हता. मुंबईतल्या बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ चालवली तेव्हा आमच्या डब्यात त्यावर विनोद झाले होते. मला ते विनोद पुढे कधी ऐकवले नाहीत.

ऑफिसची इमारत जुनी, इंग्रजांच्या काळातली. उंच छत, लाकडी जिना, आणि संडास बाहेर, मधल्या मजल्याच्या पडवीत. त्याला कुलूप. चावी रिसेप्शनच्या बाईंच्या मागे खिळ्याला, आणि ती हरवू नये म्हणून तिला एक हातभर लाकडी ठोकळा बांधलेला. त्यावर कुणीतरी स्केचपेनने आमच्या मजल्याचा आकडा घातला होता. चावी घ्यायची म्हणजे सगळं ऑफिस ओलांडून जायचं, बाईंना "जरा" म्हणायचं, ठोकळा हातात धरून बाहेर पडायचं आणि पुन्हा आणून लावायचं. कुणीतरी आधीच नेलेला असला तर खिळा रिकामा. एकदा जाणाऱ्याला याचं काही वाटत नाही. पण बरं नसलेल्या दिवसात सकाळपासून चौथ्यांदा तो ठोकळा घेऊन निघालात की माना वळतात. एक तरुण मुलगा हसत म्हणाला, "काका, आज रन काढताय." त्याचा दोष नाही. त्याला माहीतच नव्हतं.

आणि स्टेरॉइड सुरू झालं की सगळं उलटं. आजार उसळला की प्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेत देतात आणि मग आठवड्याआठवड्याने कमी करत आणतात. त्याने रक्त थांबतं, पण झोप उडते, साखर वाढते, आणि चेहरा गोल गरगरीत होतो. त्या दिवसांत मी रात्री तीनला टक्क जागा असायचो, सकाळी हातपाय थरथरायचे, आणि ऑफिसात पाऊल टाकलं की जो तो म्हणायचा, "वा, तब्येत सुधारली!" पेढे मागायचे लोक. वर्षभरात मी सगळ्यात जास्त आजारी होतो ते नेमके तेच दिवस.

मग जुलै २०१७ आला. एक तारखेला जीएसटी लागू झाला आणि आमच्या धंद्यात हाहाकार उडाला. आयात मालावरचा कर कसा दाखवायचा, कुठलं बिल कुठल्या रकान्यात, पोर्टल उघडत नाही, उघडलं तर चालत नाही. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत आम्ही बसायचो. त्यातच माझं पोट उसळलं. एका संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रागावले नव्हते, पण सारखा जागेवरून उठतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. रक्तासकट, औषधांच्या नावांसकट. आपल्याकडे हृदयाचा आजार सांगताना माणूस थोडा ऐटीत सांगतो. आतड्याचा आजार टेबलाकडे बघत सांगावा लागतो.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, आता "काळजी घ्या" म्हणतील आणि विषय संपेल. पण त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला नेमकं काय लागेल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनीही नाही. मी म्हटलं, "संडासाची चावी. एक वेगळी, माझ्या ड्रॉवरमध्ये. आणि दाराजवळचं टेबल."

"एवढंच?"

"आणि सकाळी अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर चालेल असं करा. मी संध्याकाळी भरून काढतो."

दुसऱ्या दिवशी शिपाई खाली जाऊन चावी करून आला. माझ्या आजारावर कंपनीने रोख केलेला खर्च बहुधा तेवढाच. किरकोळ खर्चात मीच नोंदवला.

कायदा काय देतो, हे हिशेबनीस म्हणून मला जरा जास्तच माहीत आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे, वर्षअखेर उरली तर बुडते. वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्यात नाहीच. आमच्या शिपायाला ईएसआय आहे. तो आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळू शकते. पण ती सोय महिना २१ हजारांपर्यंतच्या पगारालाच. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन आले. माझा आजार नाही. आयकराचं ८०डीडीबी कलम मी वर्षानुवर्षं लोकांच्या विवरणपत्रात भरत आलो; त्या यादीतही तो नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं त्या याद्यांत आहेत, आणि तिथे त्यांनाच पहिली जागा हवी. पण अधूनमधून आजारी असणारा माणूस कुठल्याच यादीत बसत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

नोकरी बदलायचं म्हटलं तर विमा आडवा येतो. ऑफिसच्या गट विम्यात पहिल्या दिवसापासून जुना आजार धरलेला आहे. स्वतःची पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात; २०२४ पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. रोजच्या गोळ्यांना तर कुठलाच विमा सहसा हात लावत नाही. दोनदा मला बऱ्या पगाराच्या जागा चालून आल्या. दोन्ही वेळा मी इमारतीत जाऊन आधी संडास बघितला, मग विम्याचे कागद मागितले, आणि आहे तिथेच राहिलो.

२८ ऑगस्ट २०२० ला जपानचे पंतप्रधान शिंजो आबे यांनी राजीनामा जाहीर केला. कारण दिलं अल्सरेटिव्ह कोलायटिस. २००७ मध्येही ते वर्षभरात पायउतार झाले होते तेव्हा हाच आजार होता, आणि पुन्हा पंतप्रधान झाल्यावर जवळजवळ आठ वर्षं याच आजारानिशी त्यांनी देश चालवला. ती बातमी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनीच टाकली, खाली एक शब्द नाही. अर्ध्या तासात त्या रन काढणाऱ्या मुलाचा फोन आला. "सर, हेच ना तुम्हाला?" म्हणाला. काकाचा सर झालो होतो.

तेव्हा सगळे घरून काम करत होते. तो काळ लोकांना फार कठीण गेला, आमच्याही घरात माणूस गेलं. शिवाय माझ्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या, त्यामुळे मी दारातून बाहेर पाऊल टाकत नव्हतो. पण कामापुरतं बोलायचं तर तसे दिवस मला आधी कधी मिळाले नव्हते. लोकल नाही, ठोकळा नाही, संडास चार पावलांवर. त्या काळात सगळी विवरणपत्रं वेळेवर गेली आणि कुणाला कळलंही नाही की मधले दोन महिने मी स्टेरॉइडवर होतो.

२०२२ मध्ये साहेब निवृत्त झाले. कंपनीचं व्यवस्थापन बदललं, बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं, मनुष्यबळ विभाग आला आणि त्यांच्याबरोबर हे दोन कागद जास्त कडक झाले. माझा सकाळचा पाऊण तास गेला, कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता. एका भल्या माणसाने तो तोंडी दिला होता. आजार उसळून आठवडाभर घरी राहिलो तेव्हा माझ्या पोटाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, 'उपचार चालू, कामावर जाण्यास हरकत नाही.' विभागाने तो कागद परत केला. "पूर्ण बरे झालेत असं हवं." डॉक्टर म्हणाले, "असं मी कसं लिहू? हा आजार जात नाही." शेवटी नाक्यावरच्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी लिहिलं, 'पोट बिघडले होते, आता पूर्ण बरे आहे.' तो चालला. आता दर वेळी तसाच जातो. माझ्या फायलीत कोलायटिस हा शब्द कुठेच नाही. त्या कागदांवरून पाहिलं तर मी पोट बिघडणारा आणि प्रत्येक वेळी साफ बरा होणारा माणूस आहे.

मधुमेहवाले, संधिवातवाले, डायलिसिसहून थेट ऑफिसला येणारे, फिट्स येणारे असे कितीतरी जण हाच कागद आणून देत असतील. ते रोज कामावर येतात आणि त्यांच्यातला कुणी कधी पूर्ण बरा होणार नाही. तेव्हा तुमच्या ऑफिसात रजेचे अर्ज छापायचं काम ज्याच्याकडे असेल त्याला एवढंच सांगा: 'पूर्ण बरे आहेत' हे शब्द काढून तिथे 'काम करू शकतात' असं छापा, आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडा, 'त्यांना काय लागेल?' म्हणून. दोन्हीला मिळून अर्धा इंच जागा लागते.