बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, शिवाय इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर. बाबांचा लॅपटॉप चौथ्या पिढीचा, पण धडधाकट. कीबोर्डवरची काही अक्षरं पुसली गेलीत, एवढंच. असं चालतं यंत्र भंगारात द्यायला माझं मन धजावत नाही.

म्हणून आज त्यावर लिनक्स मिंट टाकलं, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. चार जीबी रॅममध्ये ती भागवते. आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घेतले, मग जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. खरा वेग हिच्यामुळेच येतो, हे मी भेटेल त्याला सांगते. पेन ड्राइव्हवरून मिंट इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटते. वायफाय लागलं, आवाज आला, वेबकॅम दिसला; मगच पुढचं बटण दाबलं.

शेवटी मराठीसाठी इनस्क्रिप्ट जोडलं. बाबांची बोटं त्यालाच सरावलेली. चष्मा पुसून ते लगेच सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करायला बसले. प्रिंटर उद्या जोडते.